उसनं तारुण्य



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, नववा स्कंध, अध्याय 18 आणि 19. राजा ययातीची कथा.

आपल्यापैकी बहुतेकांना ययाती माहीत असतो तो वि. स. खांडेकरांमुळे. त्यांची कादंबरी 1959 साली आली आणि 1974 सालचं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ. घरातल्या जुन्या कपाटात आजीची किंवा मामाची एक प्रत असतेच असते. पण आज कादंबरी जरा बाजूला ठेवू आणि भागवतातली गोष्ट आधी नीट ऐकू.

ययाती हा नहुषाचा मुलगा. त्याची पत्नी देवयानी, म्हणजे शुक्राचार्यांची मुलगी. तिच्याबरोबर तिची दासी म्हणून राजकन्या शर्मिष्ठा आली. ययातीला शर्मिष्ठेपासूनही मुलं झाली, हे देवयानीला कळलं आणि ती रागाने माहेरी गेली. शुक्राचार्यांनी जावयाला शाप दिला: तुला आत्ताच्या आत्ता म्हातारपण येईल. ययाती गयावया करू लागला की माझं मन अजून भरलेलं नाही. तेव्हा शुक्राचार्यांनी एक वाट ठेवली. कोणी आपणहून तयार असेल तर त्याला तुझं म्हातारपण दे आणि त्याचं तारुण्य तू घे.

ययाती आपल्या पाच मुलांकडे गेला. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू यांनी नाही म्हटलं. सगळ्यात धाकटा पुरू हो म्हणाला. पुरूचं तारुण्य अंगावर घेऊन ययातीने हजार वर्षं सगळे भोग भोगले. आणि हजार वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की भूक होती तेवढीच आहे, किंबहुना वाढली आहे. यज्ञातल्या आगीत तूप ओतत राहिलो तर ती विझेल कशी? मग त्याने देवयानीला एका बोकडाची गोष्ट सांगितली, म्हणजे खरं तर स्वतःचीच. पुरूला त्याचं तारुण्य परत दिलं, राज्य दिलं आणि तो वनात निघून गेला.

मी कुठे थांबलो

या कथेवर प्रवचन ऐकलं की बहुतेक वेळा एकाच जागी जोर असतो: भोगाने तृष्णा शमत नाही. खरं आहे, आणि त्यात नवीन काही नाही. मोठी माणसं हे आपल्याला दहावीपासून सांगतायत आणि आपण मान डोलावून पुढचं रील बघतोय.

या वेळी वाचताना मी दुसऱ्याच ठिकाणी थांबलो. ययातीने हजार वर्षं भोग घेतला, पण त्याची किंमत कोणी मोजली? ती मोजली पुरूने. म्हातारपण पुरूच्या अंगावर होतं. गुडघे त्याचे दुखत होते, दिसायला त्याला कमी लागलं होतं आणि बाप मजेत होता. भोग घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा. मला वाटतं, हजार वर्षं लागली ती यामुळेच. स्वतःच्या कमरेला कळ लागली असती तर ययाती दहा वर्षांत शहाणा झाला असता.

गिरीश कर्नाडांनी 1961 साली कन्नडमध्ये याच कथेवर नाटक लिहिलं. कर्नाडांचा जन्म माथेरानचा, म्हणजे पावसाळ्यानंतर आकाश स्वच्छ असलं की आपल्याला पनवेलमधून जो डोंगर दिसतो तिथलाच. त्यांनी नाटकात आणखी एका व्यक्तीला उभं केलं: पुरूची नवी नवरी, चित्रलेखा. नवरा एका दिवसात जख्ख म्हातारा होऊन समोर येतो, आणि तिला कोणी विचारलेलंही नसतं. म्हणजे किंमत एकट्या पुरूवर थांबली नाही. ती घरात पसरली.

म्हणून आजच्या चिंतनाचा प्रश्न असा: मी जे घेतोय, ते कोणाच्या तारुण्यातून येतंय?

आपल्या पनवेलमध्ये

पनवेल जुनं बाजाराचं गाव. आसपासच्या गावांतून भात, मीठ, मासळी इथे यायची. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. शेतकऱ्यांना योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जो लढा झाला, त्यात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. पुढे विमानतळ आला. 8 ऑक्टोबर 2025 ला त्याचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. जिथे चिखलात भाताची रोपं लावली जायची तिथून आता माणसं दिल्लीला जातात.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगतोय, कारण या जमिनीच्या पैशात कोणाचं तरी तारुण्य आहे. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या बांध घातले, गुडघाभर चिखलात ज्यांच्या जवानीची वर्षं गेली, त्या आजोबांचं आणि आजीचं. तो पैसा काही घरांत मुलांच्या शिक्षणाला लागला, काहींनी त्यातून धंदा उभा केला. काही घरांत तो दारातल्या गाड्यांमध्ये, हळदीच्या डीजेमध्ये आणि चार दिवसांच्या रुबाबात गेला. गावागावांत म्हातारी माणसं हे अजून बोलतात, आणि बोलताना त्यांच्या आवाजात राग कमी, हळहळ जास्त असते. इथे मी कोणाला नावं ठेवत नाही. चूक त्या एकट्या मुलांची असती तर गोष्ट सोपी होती. शेत गेल्यावर माणसाची गावातली पत कशावर ठरणार, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. बाजाराने मात्र लगेच सांगितलं: गाडीवर.

आणि ज्यांची जमीन नव्हती, जी कुटुंबं साताऱ्याहून, कोकणातून, विदर्भातून इथे भाड्याच्या वन बीएचकेत आली, त्यांच्याकडेही तोच निरोप पोहोचला. फक्त त्यांच्यासाठी तो हप्त्याच्या रूपात आला.

हप्ता म्हणजे काय

मी अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवतो, त्यामुळे हा भाग जरा मास्तरकीचा होईल. सांभाळून घ्या.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हे शब्द तुम्ही दिवसातून एकदा तरी बघता. समजा फोन 60,000 रुपयांचा आहे. महिना 5,000, बारा महिने. बेरीज बरोबर येते, व्याज कुठे दिसत नाही. पण बँक फुकट पैसे देत नाही. व्याज असतंच. विकणारा किंवा बनवणारा ते सवलत म्हणून दाखवतो, आणि रोख घेणाऱ्याला जी सूट मिळू शकली असती ती बहुधा त्यातच जिरते. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी सुद्धा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते व्याज फीच्या पोटात लपवलेलं असतं.

पण पैशांपेक्षाही हप्ता एक मोठं काम करतो. तो घेण्याचा क्षण आणि देण्याचा क्षण वेगळे करतो. घेणारा मी आज आहे. देणारा मी पुढच्या मार्चमधला आहे, आणि त्याला मी अजून भेटलेलो नाही. तो परीक्षेच्या टेन्शनमध्ये असेल, त्याची नोकरी गेलेली असेल, त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं असेल, मला आज काहीच माहीत नाही. तरी मी त्याच्या वतीने सही करतो. तो माझा पुरू आहे, आणि त्याला मी विचारलेलंही नाही. ययातीने निदान विचारलं होतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण मिळून भागवत वाचतो. परवा हे बोलणं निघालं तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, पण माझा हप्ता मीच भरतो. डिलिव्हरीचं काम करतो रात्री. घरच्यांकडून एक रुपया घेत नाही. मग यात वाईट काय?”

त्याचा प्रश्न खरा होता आणि मला त्याचं कौतुकही वाटलं. मी त्याला विचारलं, “रात्री किती वाजता घरी येतोस?”

“दीड. कधी दोन.”

“आणि सकाळचं लेक्चर?”

तो हसला. शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, “सर, मी तर घरी मागितलाच नव्हता. मैत्रिणींचे फोन बघून गप्प गप्प असायचे फक्त. आईने तिची भिशी आधी उचलली. त्यातून तिला दाढेचं काम करून घ्यायचं होतं.”

खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मी सुद्धा पुढचा श्लोक लगेच काढला नाही.

उलटी झालेली कथा

भागवतात बाप मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो. आपल्याकडे आज कथा बऱ्याचदा उलटी चालते. मुलगा किंवा मुलगी आईबापांकडे त्यांचं म्हातारपण मागते. म्हणजे पीएफमधली रक्कम, गळ्यातली चेन, भिशी, ओव्हरटाइम. ज्या पैशांवर त्यांचं म्हातारपण थोडं निवांत जायचं होतं, तो पैसा. आणि आपले आईबाबा पुरूच असतात. हो म्हणतात. “असू दे रे, तुझी हौस आहे,” म्हणतात. त्या ‘असू दे’मध्ये काय काय आहे ते आपल्याला दिसत नाही, कारण ते दाखवत नाहीत.

जानेवारी 2025 मध्ये, संक्रांतीच्या तोंडावर, नांदेड जिल्ह्यातली एक बातमी तुम्ही वाचली असेल. एका शाळकरी मुलाने वडिलांकडे स्मार्टफोन मागितला. वडील शेतकरी, डोक्यावर कर्ज. ते आत्ता जमणार नाही म्हणाले. मुलाने जीव दिला, आणि त्याला त्या अवस्थेत बघून वडिलांनीही. मी त्यांची नावं लिहिणार नाही. कोणतीही आत्महत्या एका कारणाने होत नाही, आणि आपण लांबून कोणाच्या मनाचा निवाडा करू नये. पण ही बातमी वाचून ‘आजकालची मुलं हट्टी’ एवढंच म्हणून पुढे जाणाऱ्या मोठ्यांनाही मला काही विचारायचं आहे. सोळा वर्षांच्या मुलाला फोनशिवाय आपण कोणीच नाही असं वाटावं, हे त्याला कोणी शिकवलं? त्याने एकट्याने तर ते शोधून काढलं नसणार.

(आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला कधी असं टोकाचं वाटत असेल, तर कृपा करून घरातल्या, ओळखीतल्या एका माणसाशी आजच बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. मदत मागण्यात कमीपणा काही नाही. अर्जुनानेही आधी हात टेकले, मग गीता ऐकली.)

खरा ययाती

म्हणून आता कथा आणखी एकदा वाचू. आपण तरुण मंडळी ययाती आहोत, हे अर्धं झालं. उरलेल्या अर्ध्यात आपण पुरू आहोत.

म्हाताऱ्या राजाला स्वतःचं असं तारुण्य नव्हतं. त्याला ते दुसऱ्याकडून घ्यावं लागलं. बाजाराचं तसंच आहे. त्याला जागरण करणारे डोळे लागतात, न थकणारी बोटं लागतात, नव्याची हौस लागते, आणि हे सगळं आपल्याकडे आहे. अॅप फुकट असतं, कारण तिथे देवाणघेवाण पैशांत होत नाही. तुमचा मंगळवारचा रात्रीचा दीड तास घेतला जातो.

हे मी फक्त भाविक माणूस म्हणून बोलत नाही, सरकारनेही कागदावर मान्य केलंय. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला फसवणाऱ्या 13 युक्त्यांची त्यात यादी आहे. खोटी घाई दाखवणं, म्हणजे ‘फक्त दोनच शिल्लक’. तुम्ही न मागितलेली वस्तू बिलात गुपचूप टाकणं. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं. ‘नको’ म्हणायला लाज वाटावी यासाठी कोणीतरी पगार घेऊन बटणाचं वाक्य लिहितं, याचा जरा विचार करा. मन चंचल आहे हे अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंच होतं. पण त्या चंचलपणावर आता कोणाचं तरी सॅलरी पॅकेज अवलंबून आहे.

19 सप्टेंबर 2025 ला मुंबईत बीकेसीमध्ये नवा आयफोन विक्रीला आला. दुकानाबाहेर रात्रीपासून रांग होती, सकाळी धक्काबुक्की झाली, सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितले आणि हसलोही. पण रांग आपल्याला नवीन नाही. पंढरपूरला दर्शनबारीत माणसं वीस-वीस तास उभी राहतात. बाहेरून दोन्ही रांगा सारख्याच. एका रांगेच्या शेवटी जे मिळतं ते पुढच्या सप्टेंबरात जुनं होतं. दुसऱ्या रांगेच्या शेवटी पायावर डोकं ठेवायला दोन सेकंद मिळतात, हातात घरी न्यायला काहीच नसतं, आणि लोक तृप्त होऊन परततात. मी बरेच दिवस या फरकाचा विचार करतोय. दर्शनाच्या रांगेत आपण पुढच्याच्या हेव्याने उभे नसतो. त्याला दर्शन झालं म्हणून आपलं कमी होत नाही. फोनच्या रांगेत बरीचशी किंमत याचीच असते की तो बाकीच्यांकडे अजून नाही.

यदूने नाही म्हटलं

आता कथेतला तो भाग, जो प्रवचनात सहसा घाईत उरकला जातो. पुरूचं कौतुक सगळे करतात. यदूचं काय झालं?

यदू थोरला. त्याने बापाला सरळ सांगितलं की अवेळी आलेलं म्हातारपण मी घेणार नाही. विषय काय असतात हे स्वतः न कळता माणूस विरक्त कसा होणार, असा त्याचा मुद्दा होता. त्याच्या पाठच्या तिघा भावांनी नकार दिला तेव्हा भागवत त्यांना दोष देतं: अनित्यालाच ते नित्य समजून बसले होते. यदूच्या वाट्याला तो दोष आलेला नाही. हे वाचताना सहज नजरेतून सुटतं.

आणि पुढची गंमत अकराव्या स्कंधात आहे, ज्याच्यावर नाथ महाराजांनी एकनाथी भागवत लिहिलं आणि 1573 साली काशीत पूर्ण केलं. तिथे एका राजाला एक अवधूत भेटतो. अवधूत तरुण आहे. अंगावर काही नाही, गाठीशी काही नाही, चेहऱ्यावर मात्र आनंद आहे. राजा त्याला विचारतो की सगळं जग काम-लोभाच्या वणव्यात होरपळतंय आणि तू असा गारव्यात कसा? त्या प्रश्नातून चोवीस गुरूंची कथा येते. आपल्याकडे त्या अवधूताला दत्तप्रभू मानतात. आणि प्रश्न विचारणारा राजा म्हणजे हाच यदू.

बापाला आपलं तारुण्य द्यायला ज्याने नकार दिला, त्याने ते या प्रश्नासाठी वापरलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आणि पुढे? श्रीकृष्णांनी जन्म घेतला तो यदूच्याच कुळात. यादव म्हणतो आपण त्यांना ते म्हणूनच.

पुरू थोर, यात शंका नाही. आईबापांसाठी त्याग करणारे सगळे थोरच. पण तारुण्य मागायला जो येईल त्या प्रत्येकाला हो म्हणायला आपण बांधलेलो नाही. मागणारा बाप असूनही यदू नाही म्हणाला. आपल्याकडे मागणारं तर एक नोटिफिकेशन आहे.

चोवीस गुरूंमधला कुरर पक्षी मला इथे आठवतो. घारीसारखा असतो तो. चोचीत मांसाचा तुकडा आहे म्हणून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि त्याच क्षणी सगळे त्याला सोडून तुकड्याच्या मागे गेले. मग तो एकटा शांत बसला. त्याने कोणाशी भांडण केलं नाही. चोच उघडली, एवढंच.

भक्तांचंही दुकान असतं

एक गोष्ट आपल्या आपल्यात. हे सगळं वाचून ‘आपण बरे, आपण माळ घालतो’ असं वाटत असेल तर जरा थांबा. डिझायनर कुर्ता, चंदनाची महागडी माळ, रील काढायला सोयीचा देव्हारा, वृंदावनची ट्रिप हप्त्याने, आणि तिथे जपापेक्षा फोटो जास्त. दुकान देवळाच्या आवारातही मांडता येतं. वस्तू सात्त्विक आहे म्हणून हाव सात्त्विक होत नाही.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अभ्यासाला लॅपटॉप लागतो, नोकरीला चांगले बूट लागतात, आणि बहिणीच्या लग्नात नवी साडी घ्यावीशी वाटणं हे पाप नाही. गरिबीला उगाच पवित्र करणारी माणसं सहसा पोटभर जेवलेली असतात. तुकोबारायांचं घर महाजनकीचं, दुकानदारी आणि सावकारी असलेलं होतं. परंपरा सांगते की दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, आणि भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली. मला त्यातलं दुसरं वाक्य तेवढंच मोठं वाटतं. वैराग्य त्यांनी स्वतःच्या खात्यावर घेतलं. भावाच्या हिश्श्याला हात लावला नाही. आपल्या भोगाची किंमत तर दुसऱ्यावर टाकायची नाहीच, आपल्या वैराग्याचीही टाकायची नाही.

आजचा अभ्यास

तीन छोट्या गोष्टी. सगळ्या जमतील असं नाही, एक तरी धरा.

पहिली: घेण्याआधी एक प्रश्न. ‘परवडतं का’ याच्या आधी विचारा, ‘यात कोणाचं आयुष्य जातंय?’ माझी झोप, बाबांचा ओव्हरटाइम, आईची दाढ, की पुढच्या वर्षीच्या माझ्या मोकळ्या संध्याकाळी? उत्तर एखाद्या माणसाच्या चेहऱ्यासकट आलं पाहिजे. त्या माणसाला समोर बसवून विचारता येत नसेल, तर वस्तू अजून आपली झालेली नाही.

दुसरी: यादी. आपल्याकडे 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करते. तिथे शेजारपाजारची कुटुंबं गट करून महिन्याला काय लागणार याची यादी आधी देतात आणि माल एकत्र येतो. त्या जुन्या पद्धतीत एक शहाणपण आहे: गरज आधी लिहायची, दुकान नंतर बघायचं. अॅपमध्ये उलटं होतं, दुकान आधी दिसतं आणि गरज तिथेच तयार होते. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत यादी करा. यादीत नसलेली वस्तू पुढच्या पहिल्या तारखेपर्यंत थांबेल. तोवर तिची आठवणच राहिली नाही, तर समजा ती तुमची नव्हतीच.

तिसरी, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची: परत देणं. ययातीची कथा आपण भोगाची म्हणून लक्षात ठेवतो, पण तिचा शेवट परतफेडीचा आहे. हजार वर्षांनी का होईना, त्याने पुरूला बोलावलं आणि त्याचं त्याला परत दिलं. घेतलेलं परत देता येतं, हा या अध्यायातला दिलासा आहे. कोणाकडून काय आलंय हे आपल्याला माहीत असतं. पहिल्या पगारातून आईचं राहिलेलं काम करून द्या. पगार नसेल तर रविवारची दुपार द्या. फोन बाजूला ठेवून बाबांबरोबर वडाळे तलावाला एक चक्कर मारा आणि ते बावीस वर्षांचे होते तेव्हा त्यांना काय हवं होतं ते विचारा. बहुतेकांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

रात्री दीडला घरी येणाऱ्या आमच्या त्या मुलाने फोनचे उरलेले चार हप्ते संपेपर्यंत काम चालू ठेवायचं आणि मग सोडायचं ठरवलंय. मी त्याला लगेच सोड म्हटलं नाही. घेतलं आहे तर फेडलं पाहिजे, हाही धर्मच आहे. फक्त पाचव्या महिन्यात नवा फोन दिसेल, तेव्हा त्याला यदू आठवावा एवढी इच्छा.

आजची प्रार्थना

पांडुरंगा, आमच्या हातात जे तारुण्य तू दिलं आहेस, ते मागायला आज पुष्कळ जण येतील. कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही, एवढं कळू दे. ज्यांनी आमच्यासाठी न बोलता आपली वर्षं दिली, त्यांचे चेहरे आम्हाला दिसू देत. आणि त्यांचं त्यांना थोडं तरी परत देण्याइतका वेळ आम्हाला दे.

उद्याचं वाचन: अकरावा स्कंध, सातवा अध्याय, यदू आणि अवधूत यांची भेट. जमलं तर आधी वाचून या.

राम कृष्ण हरी.